चेहऱ्याची हरवलेली उंची

घरोघरीं जुनीं छायाचित्रें जपून ठेवण्याची चाल आपल्याकडे आतां चांगलीच मुरलेली आहे. मुंज, विवाह, साठीशांत, प्रवास असे नाना प्रसंग या चित्रांत बंदिस्त होऊन ट्रंकेच्या तळाशीं किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यांत पडून असतात. हीं चित्रें आपण जपतों तीं स्मरणासाठीं. वैद्यानें नाडी पाहावी, जीभ पाहावी, त्याचप्रमाणें रोग्याचें जुनें छायाचित्रही पाहावयास मागावें, ही कल्पना मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या थोरल्या आत्याबाईंची कवळी नव्यानें करण्याचा योग आला, तेव्हां या गोष्टीचा मला प्रथम परिचय झाला. त्या निमित्तानें जें पाहावयास व वाचावयास मिळालें, तें ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत अशा वाचकांच्या उपयोगीं पडेल, असें वाटून तें येथें सांगत आहें.

दांत म्हटले कीं आपणांस चावणेंच आठवतें. चणे आणि दांत यांची एका वेळीं गांठ पडत नाहीं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु दांतांकडे आणखी एक काम सोंपविलेलें आहे, आणि तें दांत गेल्यावांचून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. चेहऱ्याचे ढोबळ मानानें तीन भाग पाडतां येतात. केसांच्या कडेपासून भुवईपर्यंत पहिला, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत दुसरा, आणि तेथून हनुवटीपर्यंत तिसरा. पहिले दोन भाग कवटीच्या हाडांवर आधारलेले असल्यामुळें त्यांची उंची प्रौढपणीं फारशी बदलत नाहीं. तिसऱ्याची गोष्ट निराळी. खालचा जबडा कानाजवळील सांध्यावर बिजागरीसारखा हलतो. तोंड मिटतांना तो वर वर येतो आणि खालचे दांत वरच्या दांतांस टेकले कीं थांबतो. म्हणजे चेहऱ्याच्या या तिसऱ्या भागाची उंची दांत ठरवितात. चौरंगाचे पाय झिजले तर चौरंग जसा खालीं बसतो, तसेंच दांत झिजले किंवा पडले म्हणजे चेहऱ्याचें होतें. हनुवटी नाकाकडे सरकते, ओठ आंत ओढले जातात, त्यांचे कोपरे खालीं वळतात आणि त्या कोपऱ्यांच्या घडींत लाळ सांचून तेथें चिरा पडूं लागतात. अशा मुखास आपण बोळकें म्हणतों आणि सारा दोष वयाच्या माथीं मारून मोकळे होतों. त्यांतील कांहीं दोष वयाचा असतो हें खरें. पण कांहीं भाग केवळ हरवलेल्या उंचीचा असतो, आणि तेवढा परत मिळविणें मनुष्याच्या हातीं आहे.

कवळी बसविली म्हणजे हा प्रश्न कायमचा सुटला, असाही समज आहे. तो बरोबर नाहीं. दांत काढल्यानंतर हिरड्यांखालील हाड हळूहळू झिजत जातें. टालग्रेन या विदुषीनें कवळी वापरणाऱ्या रोग्यांचें पंचवीस वर्षेंपर्यंत निरीक्षण करून १९७२ मध्यें जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांवरून असें दिसून आलें कीं खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारें चौपट होते. इकडे हाड झिजतें, तिकडे कवळीचे ॲक्रिलिकचे दांतही घासून सपाट होतात. दोन्ही क्रिया इतक्या मंद गतीनें चालतात कीं रोज पाहणाऱ्यास कांहींच जाणवत नाहीं. वाढत्या मुलाची उंची जशी परगांवच्या पाहुण्यास आधीं दिसते, तशीच ही घटही बाहेरच्यासच आधीं दिसते.

आत्याबाईंची कवळी अठरा वर्षांची होती. जेवणाच्या तक्रारी त्या फारशा करीत नसत. भाकरी दुधांत कुसकरून खात आणि पेरूची फोड पुढें आली तर ती मुकाट्यानें दुसऱ्याच्या ताटांत ठेवीत. पण त्यांच्या मनास एक गोष्ट लागून राहिली होती. त्यांनीं उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविलें. घरांतील तीन पिढ्यांच्या मुलांस संध्याकाळीं दिवा लागल्यावर स्तोत्रें त्यांनींच शिकविलीं, आणि उच्चाराच्या बाबतींत त्यांनीं कोणाचीही गय केली नाहीं. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांचा सकार जाड होऊं लागला. विष्णुसहस्रनाम म्हणतांना शब्दाशब्दाला तो अडखळे, आणि 'सहस्र' हा शब्द तर 'शहश्र' सारखा ऐकूं येई. एके दिवशीं त्यांनीं मुलांस शिकविणें बंद केलें. कारण विचारतां त्या एवढेंच म्हणाल्या, "चुकीचा उच्चार शिकविण्यापेक्षां न शिकविलेलें बरें." त्यानंतर त्यांचें पठण तोंडांतल्या तोंडांत होऊं लागलें. ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा बऱ्या होईनात, तेव्हां कोठें त्या दंतवैद्याकडे येण्यास तयार झाल्या.

दंतवैद्यानें जुनी कवळी तोंडांत असतांना व काढल्यावर अशी दोन्ही वेळां तपासणी केली, आणि मग विचारलें, "आजी, तुमचे स्वतःचे दांत होते तेव्हांचा एखादा फोटो घरांत असेल का? समोरून काढलेला?" आत्याबाईंस हा प्रश्न चमत्कारिक वाटला. "या वयांत मला काय तसें दिसावयाचें आहे?" असें त्या म्हणाल्या. दंतवैद्यानें नम्रपणें सांगितलें, "दिसण्यासाठीं नव्हे आजी, मोजण्यासाठीं."

घरीं आल्यावर ट्रंका उघडल्या गेल्या. आमच्या समजुतीप्रमाणें छायाचित्रांस तोटा नव्हता; पण मोजण्याच्या दृष्टीनें पाहूं लागलों तेव्हां त्यांतील बहुतेक निरुपयोगी ठरलीं. लग्नाच्या चित्रांत मान खालीं आणि दृष्टि जमिनीकडे. कुटुंबाच्या मोठ्या चित्रांत बावीस माणसें, आणि प्रत्येकाचा चेहरा मसुरीएवढा. स्टुडिओंत काढविलेल्या सुंदर चित्रांत मुख एका बाजूस वळलेलें, आणि छायाचित्रकारानें हौसेनें कुंचला फिरवून हनुवटीची रेघ नाजूक केलेली. शेवटीं कामास आलें तें शिक्षिकेच्या नोकरीच्या अर्जासाठीं १९६४ मध्यें काढलेलें चिमुकलें छायाचित्र. मान सरळ, दृष्टि समोर, ओठ मिटलेले. सौंदर्याचा लवलेशही नाहीं, पण दोन्ही बाहुल्या, भुवया व हनुवटीची कड अगदीं स्पष्ट. दुसरें एक सहलीचें चित्र मिळालें. त्यांत आत्याबाई मैत्रिणींबरोबर मनमोकळेपणें हंसत होत्या आणि त्यांचे पुढचे दांत दिसत होते.

छायाचित्रावरून उंची काढण्याची ही रीत नवी नाहीं. राइट नांवाच्या अमेरिकन दंतशास्त्रज्ञानें ती १९३९ मध्यें मांडली, आणि तिच्या मुळाशीं आपण शाळेंत शिकलेलें त्रैराशिक आहे. प्रौढ मनुष्याच्या दोन बाहुल्यांमधील अंतर म्हातारपणींही बहुतेक तेंच राहतें. दांत गेल्यानें त्यांत फरक पडत नाहीं. म्हणून छायाचित्रांतील तें अंतर आणि प्रत्यक्ष चेहऱ्यावरील अंतर यांचें प्रमाण काढलें कीं चित्र मूळ चेहऱ्याच्या मानानें किती लहान आहे हें कळतें. मग चित्रांतील भुवईपासून हनुवटीपर्यंतचें अंतर मोजून त्याच प्रमाणानें वाढवावें. आत्याबाईंच्या त्या चित्रांत बाहुल्यांमधील अंतर १० मिलिमीटर भरलें, प्रत्यक्षांत तें ६०. म्हणजे चित्र सहापट लहान. चित्रांत भुवईपासून हनुवटी १७.५ मिलिमीटरांवर होती. त्याची सहापट १०५. आतां जुनी कवळी घालून दांत मिटले असतां प्रत्यक्ष चेहऱ्यावर तेंच अंतर ९६ मिलिमीटर होतें. वजाबाकी नऊ.

ही वजाबाकी ऐकून मला वाटलें, झालें काम. नऊ मिलिमीटर उंच कवळी करावी. दंतवैद्यानें मात्र या हिशेबांतील दोन खांचा दाखविल्या, आणि या सर्व प्रकरणांत मला त्याच अधिक शिकविणाऱ्या वाटल्या.

पहिली खांच अशी. आपण स्वस्थ बसलों असतां ओठ मिटलेले असतात, पण दांत एकमेकांस टेकलेले नसतात. वाचकांनीं या क्षणीं आपल्याच मुखाकडे लक्ष दिलें तर याची खात्री पटेल. त्या विश्रांतीच्या स्थितींत वरच्या व खालच्या दांतांमध्यें साधारण दोन ते चार मिलिमीटरांची फट असते. छायाचित्रकारापुढें गंभीरपणें बसलेल्या मुलीचे दांत टेकलेले होते कीं त्यांत फट होती, हें मिटलेल्या ओठांआड कळावें कसें? फट असावी हेंच अधिक संभवनीय. म्हणजे नवांतून तीनेक मिलिमीटर कमी झाले, उरले सहा.

दुसरी खांच याहून मोठी. चित्र सहापट लहान, म्हणून मोजण्यांतील चूकही सहापट होते. हनुवटीची कड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे धरली तर प्रत्यक्ष चेहऱ्यावर तीन मिलिमीटरांचा फरक पडतो, आणि तीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ती सबंध फटच. शिवाय भुवई थोडी उंचावलेली असेल, मान किंचित वर किंवा खालीं असेल, कॅमेरा फार जवळ असेल, तर आणखी घोटाळा. संगणकावर चित्र मोठें करून पाहिलें तरी त्यांत मुळांत नसलेली स्पष्टता येत नाहीं. सारांश, हरवलेली उंची तीन मिलिमीटरांपासून नवांपर्यंत कांहींही असूं शकेल, एवढेंच छायाचित्र सांगत होतें. पण तेवढें सांगणेंही थोडें नव्हे. उंची खरोखरच हरवली आहे आणि ती उपेक्षा करण्याजोगी नाहीं, ही गोष्ट त्यानें निश्चित केली. नक्की आंकडा जिवंत मुखाकडूनच घ्यावयाचा होता.

तो घेण्याची तऱ्हा मोठी मनोवेधक आहे. हिरड्यांच्या साच्यावर प्रथम मेणाच्या कडा बसवितात. त्या दांतांच्या जागीं असतात आणि पाहिजे तशा कमीजास्त करतां येतात. नाकाच्या शेंड्यावर व हनुवटीवर एकेक ठिपका देऊन दंतवैद्यानें आत्याबाईंस 'म' म्हणून स्वस्थ राहावयास सांगितलें. मकाराच्या उच्चारांत ओठ मिटतात, आणि मागाहून जबडा आपोआप विश्रांतीच्या जागीं येतो. त्या वेळचें ठिपक्यांतील अंतर आणि मेणाच्या कडा टेकवून घेतलेलें अंतर यांत दोन ते चार मिलिमीटरांचा फरक राहिला पाहिजे. निस्वाँगर यानें १९३४ मध्यें या विश्रांतिस्थितीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ही कसोटी अद्यापि वापरांत आहे. दुसरी कसोटी बोलण्याची. सकाराच्या उच्चारांत वरचे व खालचे पुढचे दांत एकमेकांच्या अगदीं जवळ येतात, पण टेकत नाहींत. या बारीक फटीवरून उंची पारखण्याची रीत सिल्व्हरमन यानें १९५३ च्या सुमारास पुढें आणली. इंग्रजी बोलणाऱ्या रोग्यांस त्यासाठीं साठापासून पुढें आंकडे मोजावयास सांगतात. आमच्या दंतवैद्यानेंही तेंच सांगितलें, आणि मराठी आंकडे या कामीं इंग्रजीच्या मुळींच मागें नाहींत असें आढळलें. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. प्रत्येकांत सकार हजर! आत्याबाई मोजीत होत्या आणि दंतवैद्य मेण खरवडीत होता. उंची वाढवितां वाढवितां एका ठिकाणीं कडा एकमेकींस आपटूं लागल्या. तेथून तो मागें फिरला. अखेरीस जुन्या कवळीपेक्षां चार मिलिमीटर उंची कायम झाली.

"छायाचित्रांतील हिशेबाप्रमाणें सहा कां नाहींत?" असें मीं विचारलें. त्यावर मिळालेलें उत्तर लक्षांत ठेवण्याजोगें आहे. उंची कमी पडली तर मुख बसकें दिसतें. पण ती जास्त झाली तर स्नायूंस क्षणाचीही उसंत मिळत नाहीं. हिरड्या ठणकतात, बोलतांना दांत खडखडतात, जेवतां जेवतां जबडा दमतो, आणि अखेरीस कवळी डबीच्या बाहेर येत नाहीं. तारुण्यांतील उंची ज्या हाडांनीं व स्नायूंनीं पेलली होती, तीं हाडें व ते स्नायु आतां तसे राहिलेले नाहींत.

केवळ चेहरा भरून काढल्यानें काय होतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यानें १७८९ मध्यें अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हां त्याच्या मुखांत स्वतःचा एकच दांत शिल्लक होता. त्याच्या कवळ्या लांकडाच्या होत्या ही केवळ दंतकथा होय. त्या पाणघोड्याचें हस्तिदंत, माणसांचे दांत व धातु यांच्या असून त्यांत कमानी बसविलेल्या असत. त्या ओठ पुढें ढकलतात, अशी तक्रार त्यानें आपला दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यास पत्रानें कळविली होती. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकारानें १७९६ मध्यें काढलेल्या त्याच्या चित्रांत फुगीर ओठ व घट्ट मिटलेलें तोंड स्पष्ट दिसतें, आणि एक डॉलरच्या नोटेवर तीच मुद्रा छापली जाते. एवढ्या मोठ्या पुरुषाचा चेहरा जगानें ओळखला तो त्याच्या त्रासदायक कवळीसह!

आमच्या घरीं खरा वाद झाला तो उंचीवरून नव्हे, तर पुढच्या दांतांवरून. सहलीच्या चित्रांत आत्याबाईंचा पुढचा एक दांत शेजारच्या दांतावर किंचित चढलेला दिसत होता. आमच्या धाकट्या पिढीनें संगणकावर त्या चित्रांत सरळ, शुभ्र दांतांची रांग बसवून दाखविली, आणि आतां करावयाचेच आहेत तर असे कां करूं नयेत, असा सर्वांचा आग्रह पडला. मलाही तो चुकीचा वाटला नाहीं. आत्याबाईंनीं तें चित्र डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "ही बाई देखणी आहे, पण मी हिला ओळखत नाहीं. माझ्या आईचाही तो दांत असाच होता. तो काढून मला कोणाचें तोंड देतां?" यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आत्याबाईंच्या आई फार लवकर गेल्या, आणि त्यांचें एकही छायाचित्र आमच्या घरांत नाहीं. तें साम्य आत्याबाईंच्या स्वतःच्या मुखांतच काय तें उरलेलें होतें, आणि दांत गेले तेव्हां तेंही गेलें होतें.

दंतवैद्यास यांत मुळींच नवल वाटलें नाहीं. कृत्रिम दांत मनुष्याच्या वयास, प्रकृतीस व स्वभावास अनुसरून लावावेत, त्यांत थोडा वांकडेपणा व थोडी झीज दाखवावी, असा विचार फ्रश व फिशर या जोडीनें १९५० नंतरच्या दशकांत मांडला आणि तो मान्यताही पावला. मोत्यांच्या सरासारखी एकसारखी रांग सत्तरीच्या पुढील मुखांत उपरी दिसते. त्यानें सहलीचें चित्र पुढें ठेवून मेणांत तो दांत तसाच तिरपा लावला. रंगही पांढराशुभ्र न घेता किंचित पिवळसर घेतला. मेणांतील दांत तोंडांत बसवून आरसा हातीं दिला, तेव्हां आत्याबाईंनीं प्रथम त्या दांतावरून जीभ फिरविली आणि मग आरशांत पाहिलें.

नवी कवळी आल्यावर सर्व कांहीं एका दिवसांत सुरळीत झालें, असें म्हणतां येणार नाहीं. पहिला पंधरवडा लाळ सुटणें, एके ठिकाणीं हिरडी दुखणें, दोनदां जाऊन कवळी घासून आणणें यांत गेला. जेवण मऊ भात व मेतकूट यांवर होतें. पुढें भाकरीचा पापुद्रा चावूं लागला. चिक्कीस मात्र अद्यापि मनाई आहे. ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा औषध व उंची या दोहोंच्या साह्यानें बऱ्या झाल्या. सुरकुत्या होत्या तेथेंच आहेत. १९६४ मधील ती मुलगी परत आली नाहीं, आणि तिला कोणी बोलावलेंही नव्हतें. पण सुमारें दोन महिन्यांनीं एके संध्याकाळीं आत्याबाईंनीं धाकट्या दोघांस हांक मारली, एक श्लोक सावकाश म्हणून दाखविला, आणि त्यांतील सकार स्वतःच कान देऊन ऐकला. तो पूर्वीसारखा निर्मळ नव्हता. पण शिकविण्याजोगा होता. दुसऱ्या दिवशीं मुलांच्या चुका काढण्यासही आरंभ झाला.

या अनुभवावरून वाचकांस एकच सुचवावेंसें वाटतें. घरांतील वडील माणसांचे दांत अद्यापि शाबूत आहेत तोंवर त्यांचीं तीन साधीं छायाचित्रें काढून ठेवावींत. एक ओठ मिटून, एक दांत मिटून पण ओठ उघडून, आणि एक मनापासून हंसतांना. मान सरळ असावी, दृष्टि समोर असावी, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर व पांच-सहा फुटांवर असावा, आणि चेहऱ्याच्या पातळींत एक मोजपट्टी धरावी, म्हणजे पुढें त्रैराशिकाचीही यातायात पडणार नाहीं. दांत काढण्याची वेळ आलीच, तर काढण्यापूर्वीं दांतांचा प्लास्टरचा साचा घेऊन जपून ठेवण्यास दंतवैद्यास सांगावें. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, त्यामुळें यास खर्च असा कांहींच नाहीं. अडचण एकच येते. वडील माणसें म्हणतात, "आतां या वयांत माझा फोटो कशाला?" त्यांस दिसण्याचें कारण सांगूं नये, तें त्यांस पटत नाहीं. पुढें कधीं स्तोत्र म्हणावयाचें असेल, नातवंडांस हांक मारावयाची असेल, त्यासाठीं हा फोटो लागेल, असें सांगावें. बहुधा त्या पदर सारखा करून समोर येऊन बसतात.